आरोपी क्रमांक तीनला एकही प्रश्न विचारला नाही

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने उचगाव मागे टाकलं की चंदगडच्या हद्दीपर्यंत जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात दोन चुलत भावांत बांधावरून वाद होता. थोरल्याने जेसीबी लावून बांध कोरला, अशी धाकट्याची तक्रार होती. नोव्हेंबर २०२१, ऊसतोडीचा हंगाम. एका रात्री थोरला कोयता घेऊन धाकट्याच्या परड्यात गेला आणि बेळगावच्या दवाखान्यात नेता नेता धाकटा वाटेतच गेला.

पुढे जे लिहितोय ते कुण्या एका फाइलीतलं नाही. सीमेवरच्या सत्र खटल्यांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते शिकण्यासाठी एका घटनेत बसवलंय. कलमं आणि वरच्या कोर्टांचे निकाल मात्र खरे आहेत.

पोलिसांनी तीन आरोपी केले. पहिला थोरला भाऊ, ज्याने कोयता मारला. दुसरा त्याचा मुलगा, ज्याने मयताला धरून ठेवलं असं म्हणणं. तिसरा थोरल्याचा मेव्हणा, राहणार चंदगड तालुका. त्याने दाजीला मोटरसायकलवरून पळवून नेलं आणि कोयता ओढ्याकाठच्या झुडपात टाकला, असा आरोप. पहिल्या दोघांवर भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ सह ३४, म्हणजे समान इराद्याने केलेला खून, तिसऱ्यावर कलम २०१, म्हणजे पुरावा नाहीसा करणं.

मला यातला तिसरा आणि दुसरा आरोपी महत्त्वाचा वाटतो. पहिल्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. विधवेने त्याला मारताना पाहिलं, डॉक्टरांनी जखम कोयत्याची असू शकते म्हटलं, कोयता त्यानेच दाखवला. त्याला शिक्षा झाली.

आधी कायदा कुठला ते बघू, कारण बार रूममध्ये अजून यावरून गोंधळ होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ गेली. पण नव्या संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे त्या दिवशी चालू असलेले खटले जुन्याच संहितेने पुढे चालायचे. त्यामुळे आपल्या प्रकरणाला जुनं कलम २३२ लागू. आज नवा खटला असेल तर तेच कलम २५५ म्हणून वाचायचं, मजकूर तोच आहे.

कलम २३२ सांगतं ते असं: सरकार पक्षाचा पुरावा संपला, आरोपीला तपासलं, दोन्ही बाजूंना ऐकलं, आणि आरोपीने गुन्हा केल्याचा काहीच पुरावा नाही असं न्यायाधीशांना वाटलं, तर त्यांनी निर्दोष मुक्ततेचा आदेश नोंदवायचा. नोंदवायचाच. मर्जीचा प्रश्न तिथे उरत नाही. मुक्तता झाली नाही तरच कलम २३३ प्रमाणे आरोपीला ‘तुझा बचाव मांड’ म्हणायचं.

कागदावर हा स्वतंत्र टप्पा आहे. प्रत्यक्षात रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एक ओळ पडते: कलम २३२ खाली ऐकलं, कारण दिसत नाही, बचावाच्या पुराव्यासाठी पुढील तारीख. बऱ्याचदा ऐकलेलंही नसतं. न्यायाधीशांच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये ज्युरी असते, तिथे सरकारी पुरावा संपल्यावर ‘उत्तर द्यावं असं प्रकरणच नाही’ असा अर्ज आला की न्यायाधीशाला खटला ज्युरीच्या हातातून काढून घ्यायचा की नाही हे ठरवावं लागतं. १९८१ चा गॅलब्रेथ निकाल तिथे त्यासाठीच वापरतात. आपल्या १८९८ च्या संहितेतही कलम २८९ खाली न्यायाधीश ज्युरीला ‘निर्दोष’ असा कौल द्यायला सांगू शकत होते. १९७३ च्या संहितेत ज्युरी राहिलीच नाही. आता आज ‘पुरावाच नाही का’ हे बघणारा आणि उद्या पुराव्याचं वजन करणारा माणूस एकच. मग त्याला वाटतं, शेवटी सगळं मीच बघणार आहे, आत्ता कशाला थांबू?

थांबायचं ते कलम २३३ मुळे. तिथे गेल्यावर आरोपीला आपली पानं उघडावी लागतात, साक्षीदार आणावे लागतात, आणि ते साक्षीदार सरकारी वकिलांच्या उलटतपासणीला सापडतात. सरकार पक्षाने एकही दगड रचला नसेल तर आरोपीला त्या दारात उभं करायचं कारण नाही. सत्बीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलंय: कलम ३१३ खालचं आरोपीचं तपासणं उरकल्यावर कलम २३२ चा विचार खालच्या कोर्टाने मनापासून करायचा, आणि मुक्तता होत नसेल तर बचावाच्या पुराव्यासाठी खास तारीख द्यायची. तो खटला हुंडाबळीचा होता, पण सांगणं सगळ्या सत्र खटल्यांना लागू पडतं.

आता तिसऱ्या आरोपीची गोष्ट.

दोषारोप ठेवण्याआधी त्याच्या वकिलांनी कलम २२७ खाली डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा, अर्ज दिला होता. तो फेटाळला गेला, आणि माझ्या मते बरोबरच. त्या टप्प्यावर न्यायाधीश दोषारोपपत्रातले कागद बघतात, बळकट संशय आहे का एवढंच तपासतात. प्रफुल्लकुमार सामल खटल्यापासून, म्हणजे १९७९ पासून, ही चौकट पक्की आहे. कागदांत मेव्हण्याविरुद्ध तीन गोष्टी होत्या. शिनोळीच्या अलीकडे रस्त्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या माणसाचा पोलिसांनी नोंदवलेला जबाब: रात्री या दोघांना एका मोटरसायकलवर जाताना पाहिलं. दुसरी, त्या रात्री दाजी-मेव्हण्यात फोन झाल्याचं कंपनीचं रेकॉर्ड. तिसरी, पहिल्या आरोपीचं पोलिसांपुढचं निवेदन, ज्यात ‘कोयता माझ्या मेव्हण्याने ओढ्याकाठी टाकला, चला दाखवतो’ असं होतं.

साक्षी सुरू झाल्या आणि एकेक गोष्ट गळत गेली.

टपरीवाला कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, रात्र होती, गाड्या सारख्या जात असतात, मी कुणाला ओळखलं नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर, म्हणजे आपल्याच बाजूवर उलटलेला, ठरवून घेतलं, उलटतपासणी केली, जबाबातला मजकूर वाचून दाखवला. ‘असं मी सांगितलंच नव्हतं’ हेच त्याचं उत्तर राहिलं. पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तो मजकूर शाबीत होऊन त्याला निशाणी क्रमांकही, म्हणजे कोर्ट कागदाला देतं तो नंबरही, पडला.

इथे भलेभले घसरतात. निशाणी पडली म्हणजे पुरावा झाला, असं डोक्यात बसलेलं असतं. पोलिसांपुढच्या जबाबाचा उपयोग कलम १६२ प्रमाणे साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच. टपरीवाल्याचं कोर्टातलं बोलणं त्याने खोटं पडेल, पण त्याच्या जागी जबाबातलं बोलणं खरं म्हणून बसत नाही. सरकारी वकिलांनी सतपाल विरुद्ध दिल्ली प्रशासन हा १९७६ चा निकाल पुढे केला: फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच पुसली जात नाही, विश्वासार्ह भाग घेता येतो. निकाल बरोबर, लावायची जागा चुकली. घेता येतो तो कोर्टात शपथेवर दिलेल्या साक्षीचा भाग. त्या साक्षीत मेव्हण्याविरुद्ध अक्षरही नव्हतं.

फोनचं रेकॉर्ड तर पुराव्यात आलंच नाही. कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे रेकॉर्ड कोर्टात शाबीत करणाऱ्या अधिकाऱ्याला, समन्स बजावलं गेलं नाही, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र फाइलीत नव्हतं. ते प्रमाणपत्र लागतंच, हे अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पक्कं केलंय. कागद फाइलीला टाचलेला होता, एवढंच.

राहिलं पहिल्या आरोपीचं निवेदन. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा कायद्याच्या कलम २५ ने बाद. कलम २७ ने त्यातला तेवढाच तुकडा आत येतो ज्यामुळे वस्तू सापडली. ‘चला दाखवतो’ चालेल, ‘मेव्हण्याने टाकला’ चालणार नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाच्या, पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून ही रेघ आखलेली आहे. पंचनाम्याची निशाणी टाकताना न्यायाधीशांनी नेमका तेवढाच भाग कंसात घेतला. मला हे फार आवडलं, कारण अख्खा पंचनामा जसाच्या तसा निशाणीला लागलेला मी कितीदा तरी पाहिलाय, आणि मग शेवटच्या युक्तिवादात नको तो भाग सगळ्यांच्या तोंडी येतो.

मग कलम ३१३. आरोपीविरुद्ध पुराव्यात जे आलं ते एकेक करून त्याला विचारायचं आणि त्याचं म्हणणं नोंदवायचं. इथल्या कोर्टाची भाषा कन्नड, आरोपी तिघेही मराठी. प्रश्न कन्नडमधून तयार, बेंच क्लार्क मराठीत सांगणार, उत्तर नोंदवलं की वाचून दाखवून सही. पहिल्याला प्रश्नांची चवड. दुसऱ्याला थोडे. तिसऱ्यासाठी प्रश्नावली काढायला बसल्यावर लक्षात आलं की विचारायचं काय? नाव, वय, धंदा, आणि ‘आणखी काही सांगायचंय का?’

बाहेर व्हरांड्यात तो वकिलांना म्हणाला, “साहेब, मला काईच इचारलं नाही की. माझं कायतरी चुकलं काय?”

वकील म्हणाले, “चुकलं नाही, पावणं. आता जेवून या आणि दुपारी इथंच थांबा.”

दुपारी त्यांनी कलम २३२ खाली ऐकून घ्या म्हणून तोंडी विनंती केली आणि युक्तिवादाची सुरुवातच प्रश्नावलीपासून केली. ज्याच्याविरुद्ध विचारण्यासारखं काही नाही त्याच्याविरुद्ध पुरावा कुठला? सरकारी वकिलांनी त्यावर कलम ३११ चा अर्ज पुढे केला: नोडल ऑफिसरला आता बोलवू द्या. न्यायाधीशांनी अर्ज नामंजूर केला. कारण दिलं की कॉल झाला हे शाबीत झालं तरी दाजी-मेव्हण्यात फोन झाला यापलीकडे त्यातून काही निघत नाही, तेव्हा न्याय्य निर्णयासाठी तो साक्षीदार आवश्यक नाही.

हे मला अर्धंच पटलं. कॉलने गुन्हा शाबीत होत नाही हे खरं. पण टॉवर कुठला होता हे त्याच रेकॉर्डमध्ये दिसतं, आणि मेव्हणा त्या रात्री चंदगडला होता की उचगावच्या रस्त्यावर, याला अर्थ होता. माझ्या हाती असतं तर सरकार पक्षाने खटला चालू असताना झोप काढली, हे कारण आधी लिहिलं असतं आणि उपयोग नाही हे नंतर. वरच्या कोर्टात पहिलं कारण जास्त टिकतं.

आदेश दीड पानाचा निघाला. साक्षीदार फितूर झाला, त्याचा जबाब हा स्वतंत्र पुरावा नाही. निवेदनातला मेव्हण्याचा उल्लेख ग्राह्य नाही. रेकॉर्ड शाबीत नाही. म्हणून आरोपी क्रमांक तीनने गुन्हा केल्याचा पुरावाच नाही, कलम २३२ खाली निर्दोष मुक्तता. टपरीवाला खरं बोलला की खोटं, यावर एक वाक्यही नाही. ते नसणं हीच त्या आदेशाची ताकद. या टप्प्यावर साक्षीदारावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न घ्यायचा नसतो. सरकार पक्षाचं सगळं खरं धरलं तरी हातात काही उरतं का, एवढंच.

दुसऱ्या आरोपीच्या वकिलांनाही त्याच दुपारी हुरूप आला. त्यांनीही कलम २३२ मागितलं. त्यांची बाजू ऐकताना मजबूत वाटते. विधवेने पोलिसांना सांगितलं होतं, पोराने माझ्या मालकांना धरलं. कोर्टात सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्याच प्रश्नांना उत्तर देताना, ती म्हणाली, बापाने मारलं, पोरगं मागे उभं होतं. धरल्याचं कोर्टात आलं नाही. शेजारी फितूर, त्याने फक्त आरडाओरडा ऐकलेला. मागे उभं राहणं म्हणजे समान इरादा होतो का?

न्यायाधीशांनी ही विनंती फेटाळली. मला यात काहीही वावगं दिसत नाही. रात्रीच्या वेळी, कोयता घेतलेल्या बापामागे, दुसऱ्याच्या परड्यात मुलगा उभा होता, हे डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराने शपथेवर सांगितलंय. त्यातून कलम ३४ चा इरादा निघतो की नाही, विधवेचं म्हणणं किती धरायचं, हे वजन करण्याचं काम आहे. ते युक्तिवादानंतर, कलम २३५ खाली. कमकुवत पुरावा आणि शून्य पुरावा यांत गल्लत केली तर कलम २३२ ची सुनावणी म्हणजे निकालाची रंगीत तालीम होऊन बसेल, आणि मग न्यायाधीश ती घेईनासेच होतील.

पण या नकाराची किंमत दुसऱ्या आरोपीने कशी मोजली, ते बघण्यासारखं आहे.

बचावाचा पुरावा द्यायचा की नाही यावर घरात आणि वकिलांच्या ऑफिसात बरीच खलबतं झाली. वकिलांचं मत होतं, गप्प बसू. घरच्यांचं म्हणणं, पोरगं त्या रात्री कारखान्यावर ऊस घेऊन गेलेलं, पावती आहे, दाखवत का नाही? पावती खरंच होती. हद्दीपलीकडच्या साखर कारखान्याच्या काट्याची, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या नंबरासकट, वेळेसकट. शेवटी काट्यावरच्या क्लार्कला बोलावलं.

तो प्रामाणिक माणूस होता आणि तिथेच घोळ झाला. सरतपासणीत वजन, नंबर, वेळ सगळं नीट सांगितलं. उलटतपासणीत सरकारी वकिलांनी मोजके प्रश्न विचारले. पावतीवर ड्रायव्हरचं नाव असतं का? नाही. ट्रॅक्टर कोण चालवत होतं हे तुम्हाला सांगता येईल? नाही. रिकामी ट्रॉली काट्यावरून बाहेर पडली त्याची वेळ कुठली? त्याने कागद बघून सांगितली. घटनेच्या बऱ्याच आधीची. तिथून गाव गाठायला ट्रॅक्टरला वेळ लागतो, पण एवढा नाही.

म्हणजे जो तिथे नव्हता हे दाखवायला आणलं, तो तिथे पोचू शकत होता हे बचावाच्याच साक्षीदाराकडून आलं. सरकारी पुराव्यातलं भोक बुजवायला आरोपीच धावला.

आणखी एक वाट होती. तिसरा सुटला तो बचावाचा टप्पा सुरू होण्याआधीच. सहआरोपी असताना त्याला साक्षीला ओढता येत नव्हतं. स्वतः लेखी मागणी केल्याशिवाय आरोपी साक्षीदार होत नाही, कलम ३१५. आता तो मोकळा होता, मामाचं नातं, भाच्यासाठी साक्ष देऊ शकत होता. वकिलांनी विचारलं. तो म्हणाला, “एकदा सुटलोय न्हवं, आता परत त्या पिंजऱ्यात उभं करू नगासा.” वकिलांनीही आग्रह धरला नाही. त्याला उभं केलं असतं तर त्या रात्रीच्या फोनचा विषय सरकारी वकिलांनी पहिल्याच प्रश्नात काढला असता, आणि आता त्याला प्रमाणपत्र लागलं नसतं, त्याचं तोंडी उत्तर पुरलं असतं.

निकालात दुसऱ्याला संशयाचा फायदा मिळाला. नुसत्या हजेरीवरून समान इरादा धरता येत नाही, धरून ठेवल्याची बाब पोलिसांना सांगितलेली पण कोर्टात आलेली नाही. क्लार्कच्या साक्षीबद्दल न्यायाधीशांनी लिहिलं की अन्यत्र हजेरी शाबीत झालेली नाही, पण बचाव खोटा पडला म्हणून सरकार पक्षाची बाजू आपोआप उभी राहत नाही. शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालाचा आधार त्यासाठी दिला. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मुक्ततेत या मधल्या तारखा होत्या, त्यांचा खर्च होता, आणि पोरगं थोडक्यात वाचलं होतं.

तिसऱ्याच्या सुटकेच्या दिवशी मात्र वेगळाच खोळंबा झाला. मुक्तता झाली तरी कलम ४३७-अ प्रमाणे जामीनदारासह बंधपत्र द्यावं लागतं, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन म्हणून. त्याची मुदत सहा महिने. मेव्हणा जामीनदार म्हणून गावचा भाऊबंद घेऊन आलेला, हातात महाराष्ट्राचा सातबारा. कर्मचाऱ्याने इकडचा उतारा मागितला. बेळगावात हे रोजचंच आहे. हद्दीपलीकडच्या माणसाला जामीनदार मिळवायला दारोदार फिरावं लागतं, आणि पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार कोर्टाच्या आवारात सापडतात, तेही सगळ्यांना माहीत. वकिलांनी मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९७८ चा निकाल दाखवला. तिथे एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारलेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही म्हणून सांगितलेलं. सातबारा स्वीकारला गेला, पण दिवस मावळायला आला होता आणि शिनोळीकडची एसटी गेली होती.

अपिलाचं म्हणाल तर मुक्ततेच्या आदेशावर सरकारला कलम ३७८ खाली उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन जाता येतं, बेळगावसाठी ते धारवाड खंडपीठ. मुदत ९० दिवसांची. कलम २३२ चा आदेशही त्यात येतो. सरकारी वकिलांनी तिसऱ्याविरुद्ध अपील करू नये असा अभिप्राय दिला. ३११ चा अर्ज नामंजूर झाला हा एकच मुद्दा हाती होता, आणि त्यात अर्ज उशिरा का दिला याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. विधवा मात्र गेली. २००९ च्या दुरुस्तीने कलम ३७२ खाली पीडिताच्या घरच्यांना स्वतःचं अपील मिळालंय, आणि मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१८ च्या निकालानंतर त्यासाठी परवानगीही लागत नाही. तिने ते फक्त पुतण्याविरुद्ध केलंय. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य, २००७, हा निकाल तिच्या वाटेत उभा आहे: दोन मतं शक्य असतील तर खालच्या कोर्टाने दिलेली मुक्तता वरच्या कोर्टाने उलटवायची नाही. तिच्या वकिलांनी अपिलाच्या पहिल्याच पानावर काट्यावरच्या क्लार्कची उलटतपासणी उतरवून घेतलीय.